आठ चकत्या

बाई दारात उभी होती. आत यावं की आल्या वाटेने परत फिरावं, हे तिच्या दोन पावलांचं आपसांत ठरत नव्हतं. आजारी पाखरू धरावं तसा एक पत्र्याचा डबा तिने छातीशी धरला होता.

“ये गं,” आत्या म्हणाली. “खुर्ची जुनी आहे, पण अजून कुणाला चावलेली नाही.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागद लावत बसलेल्या भाच्याने मान वर केली आणि केली तशी खाली घातली. ती नाकतोड्याची बायको होती.

नाकतोडा म्हणजे भाच्याच्या वडिलांच्या, वस्तादांच्या, गॅरेजमधला कारागीर. लांबच लांब तंगड्या दुमडून बॉनेटखाली वाकला की हुबेहूब गवतावरचा नाकतोडा, म्हणून ते नाव. चौदा वर्षांत त्याचं खरं नाव सगळे विसरून गेले होते. मागच्या सोमवारी त्याला कामावरून काढलं, आणि त्याआधी जे बोट त्याच्याकडे वळलं होतं, ते भाच्याचं होतं.

“ताई, तुम्ही वस्तादांची सख्खी बहीण,” बाई बसत म्हणाली. “तुमच्याकडे यावं की नाही, तीन दिवस मनाला विचारत होते. पण लोक म्हणतात, समोरचा माणूस बघून तुमचं खरं-खोटं बदलत नाही.”

“लोकांना काय, जिभेला कामच हवं असतं. तू सांग.”

बाईने सांगितलं. रुग्णवाहिकेच्या एसीचा क्लच वस्तादांच्या गॅरेजमध्ये दुरुस्त झाला. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गाडी कोंडीत अडकली, एसी बंद पडला आणि आत झोपवलेल्या आजीबाईंचा श्वास कोंडला. त्या वाचल्या, पण अजून दवाखान्यातच होत्या. त्याआधी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा आणि एका टॅक्सीचा एसी असाच बंद पडला होता.

“ह्यांनी मुद्दाम केलं म्हणे. पहाटे कुणीतरी ह्यांना चोरून काम करताना पाहिलं म्हणे.”

त्या ‘कुणीतरी’ने कागदांचा सरळच असलेला गठ्ठा पुन्हा सरळ केला.

“तो स्वतः काय म्हणतो?” आत्याने विचारलं.

“एवढंच म्हणतात, ‘जाऊ दे.’ ताई, ज्याने काही केलं नाही तो ‘जाऊ दे’ म्हणेल का?” बाईने डबा टेबलावर ठेवला. “हे त्यांच्या कपड्यांखाली सापडलं. चोरीचा माल असेल तर असेल. मी लपवणार नाही. पण शुक्रवारी गॅरेजवाल्यांच्या संघटनेची बैठक आहे. ह्यांचं नाव तिथे वाचलं गेलं, की या शहरात ह्यांच्या हातात पाना कुणी देणार नाही. दुसरं काही येत नाही हो त्यांना. धड भांडताही येत नाही.”

आत्याने झाकण उघडलं. आत मऊ फडक्यात पोलादाच्या पातळ चकत्या होत्या, बाहुलीच्या बोटात घालाव्यात अशा. तिने त्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

“आठ,” ती म्हणाली.

बाई गेल्यावर आत्याने चहाच्या दोन बशा भाच्यापुढे सरकवल्या.

“आता मला तो क्लच समजाव. माझा भाऊ चाळीस वर्षं तेच करतोय, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

भाचा गॅरेजात वाढला होता. हाताला काळं लागू नये म्हणून तिथून निसटला, तरी शिकलेलं निसटलं नव्हतं. त्याने एक बशी उभी धरली.

“ही पुली. इंजिनाचा पट्टा हिला सतत फिरवतो, एसी चालू असो वा नसो. ही दुसरी बशी म्हणजे प्लेट. हिच्यामागे कॉम्प्रेसरचा दांडा. बटण दाबलं की आतल्या कॉईलचं चुंबक होतं, ते प्लेटला खेचतं. टक्! दोघी चिकटून फिरतात, कॉम्प्रेसर फिरतो, गारवा येतो.”

“आणि बटण बंद असताना?”

“मधे फट. अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. ती नेमकीच लागते. कमी असली तर प्लेट घासत राहते, जळते. जास्त झाली तर सकाळी कसंबसं खेचलं जातं. पण दुपारी कॉईल तापली की चुंबकाचा जोर ओसरतो, आणि प्लेट हलत नाही. गाडी थंड झाली की पुन्हा सुरू.”

“फट कमी-जास्त कशी करतात?”

“या चकत्यांनी. दांड्यावर, प्लेटच्या मागे बसतात. एक घातली की प्लेट लांब जाते, फट वाढते. एक काढली की फट कमी होते.”

“बरं. आणि तू त्या पहाटे काय पाहिलंस?”

भाच्याने बशा खाली ठेवल्या. “आदल्या संध्याकाळी स्कूटर तिथेच राहिली होती, ती आणायला गेलो. गॅरेज उघडायला दोन तास होते. नाकतोडा एका गाडीची प्लेट खोलून बसलेला. चिमट्याने एक चकती काढली आणि खिशात टाकली. मला बघून असा दचकला, की चोर तरी बरा.”

“काढली?”

“हो.”

“घातली नाही?”

“काढली म्हणतोय ना, आत्या!”

“चिडू नकोस. लिही.”

भाच्याने लिहिलं. आत्याच्या सांगण्यावरून त्याने आजवर शेकडो गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ त्याच्या वहीत आधी पोचायचा आणि डोक्यात फार नंतर.

रुग्णवाहिकेचा चालक दवाखान्याच्या अंगणात गाडी धूत होता. संघटनेकडे तक्रार त्यानेच दिली होती.

“चार वाजता दिली, सातला घेतली,” तो पाइप बंद करत म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सकाळभर आत बर्फ. एक वाजता कोंडीत अडकलो आणि खलास. काच उघडली तर बाहेर भट्टी. आजी म्हणाली, ‘बाळा, वारा घाल.’ मी कागदाने वारा घालत बसलो. अर्धा तास, बाई! तुम्ही कधी कुणाला श्वास मागताना पाहिलंय?”

“पुढे काय केलंस?” आत्याने विचारलं.

“मग दुसऱ्या गॅरेजात प्लेट खोलून घेतली. फट जवळजवळ दुप्पट. मागे एक चकती जास्तीची. त्या नाकतोड्याला माझ्यासमोर उभा करा. मारणार नाही मी. फक्त विचारणार, आजीने तुझं काय घोडं मारलं होतं?”

भाच्याला वाटलं, हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय. का वाटलं, ते त्याला कळेना.

तिथून ते गॅरेजला माल पुरवणाऱ्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार गोलमटोल, हसरा होता.

“माल खराब असता तर सकाळीसुद्धा चालला नसता,” तो म्हणाला. “माझ्या दुकानात फसवतं ते फक्त ते घड्याळ. पंधरा मिनिटं पुढे ठेवलंय, म्हणजे बायकोला वाटतं मी उशिरापर्यंत राबतो.”

“या चकत्या कुणी चोरेल?”

दुकानदाराने एक चकती उजेडात धरली. “ही? बाई, ही मी मूठभर अशीच देतो. चोरायचीच तर आख्खी कॉईल पडलेली असते की!”

नाकतोडा घराच्या पायरीवर बसून शेजाऱ्यांचा पंखा दुरुस्त करत होता. त्यांना बघून उठला, आणि उठल्यावर आपल्या उंचीचं काय करावं हे न समजल्यासारखा पुन्हा बसला.

“गॅरेजात क्लचचं काम कसं चालतं?” आत्याने विचारलं.

“मी खोलतो, साफ करतो, बेअरिंग बसवतो. फट वस्ताद लावतात. तो रिवाजच आहे, फटीला दुसऱ्याचा हात नाही. त्यांनी ‘हं’ म्हटलं की बोल्ट मी आवळतो.”

“म्हणजे शेवटचा हात तुझा.”

“हो.”

“पहाटे काय करत होतास?”

“झोप येत नव्हती.”

“खोटं तुला शोभत नाही रे. कपडा तोकडा पडावा तसं दिसतंय.”

नाकतोड्याने मान खाली घातली. पंख्याचा स्क्रू फिरवत विचारलं, “वस्तादांची तब्येत बरी आहे ना? साखर फार वाढली होती. गोळ्या विसरतात.”

मग त्याने भाच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर भाच्याने तो आनंदाने झेलला असता. राग नव्हता.

वस्ताद गॅरेजच्या दारातल्या लोखंडी स्टुलावर बसले होते. सत्तरी गाठलेला, खांद्याने अजून रुंद माणूस. आत एका गाडीचं बॉनेट उघडं होतं, जांभई देऊन मिटायचं विसरल्यासारखं.

“आलीस? माझीच झडती घ्यायला?”

“दादा, चहा तरी सांगशील की नाही?”

चहा आला. काचेचे ग्लास नुकत्याच उकळलेल्या चहाने वाफाळत होते. आत्याने ग्लास काठाला दोन बोटांनी धरला आणि चटकन खाली ठेवला. भाच्याने रुमाल गुंडाळला. वस्तादांनी सबंध मुठीत धरला आणि शांतपणे बोलत राहिले.

“चौदा वर्षं मुलासारखा वाढवला त्याला. काय बोलू? लोकांनी विचारलं, कोणी केलं. मी गप्प राहिलो. याने सांगितलं.” त्यांनी मुलाकडे हनुवटी उडवली.

“गाड्यांची कार्डं बघू?”

“खिळ्याला आहेत. तूच वाच रे,” ते मुलाला म्हणाले.

भाच्याने वाचायला सुरुवात केली. मागच्या आठ महिन्यांत अकरा क्लच झाले होते. गाडी आली कधी, गेली कधी. बहुतेक गाड्या रात्रभर गॅरेजात मुक्कामाला राहून दुसऱ्या दिवशी गेल्या होत्या. टॅक्सी, डॉक्टरीणबाई आणि रुग्णवाहिका मात्र त्याच संध्याकाळी. भाच्याला कंटाळा आला. आत्या डोळे मिटून ऐकत होती.

“आता तुझं गेज दाखव.”

वस्ताद थबकले. मग त्यांनी कपाटातून तेलकट फडकं काढलं. आत फट मोजायच्या पोलादी पत्त्यांचा जुडगा होता, जपानी पंख्यासारखा उलगडणारा. प्रत्येक पत्तीची जाडी वेगळी, तीवर बारीक आकडा कोरलेला. फटीत जी पत्ती किंचित अडून सरकेल, तेवढी फट.

“माझ्या वस्तादांची ठेव आहे. बाकी कुणी हात लावत नाही. नाकतोड्याचं स्वतःचं वेगळं आहे.”

आत्याने तो जुडगा भाच्याच्या हातात दिला. “मोज.”

“सोळा.”

“कव्हरावर काय कोरलंय?”

“सतरा. एखादी तुटली असेल, आत्या. जुनं आहे.”

वस्तादांनी गेज काढून घेतलं आणि फडक्यात गुंडाळलं. “झालं तुझं?”

“आज झालं,” आत्या म्हणाली. “उद्या दुपारी सगळ्यांना इथेच बोलावते.”

गुरुवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं होतं. रुग्णवाहिकेचा चालक हाताची घडी घालून उभा. नाकतोडा आणि त्याची बायको टायरच्या ढिगाशी. वस्ताद स्टुलावर. भाचा वही घेऊन भिंतीला टेकलेला.

“तिन्ही गाड्यांत फट मोठी होती,” आत्याने सुरुवात केली. “रुग्णवाहिकेत तर एक चकती जास्तीची सापडली. म्हणजे ज्याने नुकसान केलं त्याने चकती घातली. बरोबर?”

“बरोबर,” चालक म्हणाला.

“आणि नाकतोड्याला पाहिलं गेलं, तेव्हा तो चकती काढत होता. काढल्याने फट कमी होते. गाडी बिघडवायला निघालेला माणूस ती सुधारून का जाईल?”

भाच्याची पेन्सिल थांबली. आपल्याच अक्षरातलं ‘काढली, घातली नाही’ त्याला त्या पानावर दिसत होतं. त्याने स्वतः समजावलं होतं. दोन बशा हातात धरून!

“हे एक,” आत्या म्हणाली. “दुसरं. आठ महिन्यांत अकरा क्लच. तीन बंद पडले, आठ नाही पडले. बंद पडलेल्या तिन्ही गाड्या त्याच संध्याकाळी गेल्या. चांगल्या राहिलेल्या आठही रात्रभर इथे होत्या. म्हणजे या गॅरेजात रात्रीतून गाड्या बिघडत नव्हत्या. दुरुस्त होत होत्या.” तिने पत्र्याचा डबा बॉनेटवर ठेवला. “आणि डब्यात चकत्या आहेत आठ.”

नाकतोड्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला.

“जाऊ द्या ना, ताई,” नाकतोडा पुटपुटला.

“तुझं ‘जाऊ दे’ आता संपलं. मग प्रश्न उरतो, अकराही गाड्यांत ती जास्तीची चकती घालत कोण होतं? फटीला एकाच माणसाचा हात लागतो.”

कुणी वस्तादांकडे पाहिलं नाही. हे न पाहणं गॅरेजभर ऐकू आलं.

“मी चाळीस वर्षं फट लावतोय,” वस्ताद म्हणाले. आवाज मोठा होता, पण खालून पोकळ. “माझा हात चुकत नाही.”

“दादा, काल तू उकळता ग्लास मुठीत धरलास. आम्हा दोघांना शिवता आला नाही. साखरेने तुझी बोटं बधिर झालीत. कार्डंही तू याला वाचायला लावलीस. आण ते गेज.”

तिने जुडगा उलगडला, एक पत्ती अलग धरली, तिच्या कडेला रॉकेलचे दोन थेंब सोडले. थोडं थांबून जुन्या ब्लेडचं टोक कडेत घातलं आणि हलकेच फिरवलं. पत्ती दुभंगली. तिच्यातून दुसरी निघाली, मधे वाळलेल्या तेलाचा तपकिरी पापुद्रा.

“ही सतरावी. फडक्यातलं तेल वाळून दोघी एकमेकींना चिकटल्या. बोटांना जोड लागत नाही, डोळ्यांना आकडा दिसत नाही. तू समजत होतास एक पत्ती सरकवतोय, सरकवत होतास दोन. त्या शिरत नव्हत्या, म्हणून दर वेळी एक चकती वाढवत होतास. तुझं मन साफ होतं, दादा. पण आजी मेली असती.”

चालकाने हाताची घडी सोडली. त्याला आता कुणावर रागवावं ते कळेना.

वस्तादांनी त्या दोन पत्त्या तळहातावर घेतल्या. चाचपल्या. पुन्हा चाचपल्या. बोटांना काहीच सांगता येत नव्हतं.

“रुग्णवाहिकेची बातमी आली तेव्हा मला शंका आली होती,” ते हळूच म्हणाले. “हातावर नाही, डोळ्यांवर. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात याने नाकतोड्याचं नाव घेतलं. आणि मी… मला सुटल्यासारखं वाटलं. एवढा मी नालायक.”

“बाबा, मग आधीच का नाही सांगितलंत की दिसत नाही?” भाचा म्हणाला.

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. “सांगितलं होतं. गेल्या वर्षी तुला हाक मारली, आकडा वाच म्हणालो. चार गिऱ्हाइकं होती. तू म्हणालास, ‘बाबा, आता गेज ठेवा आणि जपमाळ धरा.’ सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर कुणाला विचारलं नाही.”

भाच्याला ते वाक्य आठवलंसुद्धा नव्हतं. इतकं सहज बोलून गेला होता तो. आता त्याच्या कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत जाळ चढला, आणि नजर ठेवायला त्या एवढ्या मोठ्या गॅरेजात जागा सापडेना.

“आणि तू?” आत्या नाकतोड्याकडे वळली. “तोंडाला कुलूप का?”

“काय सांगणार होतो?” नाकतोड्याने खांदे पाडले. “ज्यांनी फट लावायला शिकवली, त्यांना म्हणू, तुमची फट चुकते? पहाटे येऊन नीट केलं की झालं, असं वाटलं. संध्याकाळी गेलेल्या गाड्या माझ्या हाती लागल्या नाहीत. त्या आजीची गाडी तरी मी थांबवायला हवी होती. मला लाज वाटली, त्यांना चारचौघांत अडवायची. माझीही चूक आहेच की.”

“आहेच,” आत्या म्हणाली. तिने त्याला तेवढंही सोडलं नाही.

शुक्रवारी संघटनेच्या खोलीत पंचवीस-तीस गॅरेजवाले दाटीवाटीने बसले होते. अध्यक्षांनी चष्मा लावून चालकाची तक्रार उघडली. चालक म्हणाला, “नाव बदलायचंय, साहेब. वस्ताद स्वतः सांगतील.”

वस्ताद उभे राहिले. या खोलीतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्यांच्या हाताखाली पाना धरला होता. त्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. पुन्हा हलले. समोरचे लोक त्यांच्या चपलांकडे, छताकडे, कुठेकुठे बघू लागले.

भाच्याच्या शेजारी बसलेल्या नाकतोड्याचे गुडघे उलगडू लागले. तो उठणार होता. उठून म्हणणार होता, माझंच चुकलं, वस्तादांना त्रास देऊ नका. भाच्याला ते त्याच्या गुडघ्यांवरूनच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी वेळेवर कळलं होतं.

त्याने नाकतोड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून खाली बसवलं.

“नको,” तो कुजबुजला. “बोलू दे त्यांना. त्यांच्यानंतर मला उठायचंय. पहाटेचं मी सांगितलं होतं.”

नाकतोडा बसला.

समोर वस्तादांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“फट मी लावली होती,” ते म्हणाले. “मला दिसत नाही.”